मला बांधून पळू नका

“आई, तू शेवटची निवांत कधी बसली होतीस?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची पैज लागली होती. शाळेतल्या दोन मैत्रिणींनी भिंगरीला चढवलं होतं, “आईला विचारून दाखव. आणि विचारताना हसायचं नाही, हसलीस तर हरलीस.” भिंगरी म्हणजे आमच्या घरातली मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण ती सरळ चालत कधीच नाही, घरभर गरगरत असते, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. तर भिंगरीने अजिबात न हसता विचारलं. आई तेव्हा ओट्याला टेकून एका पायावर उभी होती. दातांत केसांचा रबर, एक डोळा दुधावर, आणि दुसऱ्या पायात ती मला चढवत होती. रबर तोंडातून काढून ती म्हणाली, “परवा. दातांच्या डॉक्टरांकडे.”

भिंगरी पैज जिंकली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी पोट धरधरून हसल्या म्हणे. मला मात्र हसू आलं नाही. कारण त्या गुडघ्याला अगदी लगटून मी होतो आणि आत काय चाललं आहे ते मला कळत होतं.

मी गुडघ्याला बांधायचा पट्टा आहे. एके काळी काळाकुळकुळीत होतो, आता धुऊन धुऊन राखेच्या रंगाचा झालो आहे. माझे काठ उसवले आहेत. माझ्या चिकटपट्टीत केस, मोज्यांचे धागे आणि कुठलातरी बिस्किटाचा चुरा अडकून बसला आहे, त्यामुळे ती आता नावालाच चिकटते. पण जन्मलो तेव्हा मी फार ऐटीत होतो. एका लांबलचक शेडमध्ये शिलाईयंत्रांच्या रांगा होत्या. तिथल्या एका शिवणाऱ्या मावशींनी मला शेवटची टीप घातली, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, “धरून ठेव रे बाबा.” मला तो आशीर्वादच वाटला. धरून ठेवायचं, एवढंच शिकून मी जगात आलो. सोडायचं कधी, ते मला कुणी शिकवलंच नाही.

आता आईबद्दल सांगतो. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. उभीच असते, कारण बसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हिला काम नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठे कोण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की बाबांचा फोन वाजतो, मग ताटावर असोत नाहीतर आंघोळीत, ते निघालेच. घरातल्या सगळ्या बेतांवर त्या फोनचं राज्य. आईला अख्ख्या दिवसात एकच तास स्वतःचा मिळायचा, संध्याकाळी दुकानातून सुटल्यावर. त्या तासात ती बागेच्या भोवती सावकाश पळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “त्या वेळात मला कुणी काही मागत नाही. पाणीसुद्धा.”

हे सगळं मी यायच्या आधीचं. ते दिवस मी पाहिले नाहीत, फक्त ऐकले. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पुढे बागेत पळणाऱ्यांचा एक गट जमला. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणायचे. कप्तानाने सगळ्यांची नावं अर्ध्या मॅरेथॉनमध्ये घालून टाकली आणि प्रत्येकाला आठवड्याचं वेळापत्रक वाटून दिलं. कुठल्या दिवशी किती पळायचं, कुठल्या दिवशी आराम करायचा, सगळं त्यात होतं. झालं, आईचा तो एकुलता एक मोकळा तास गृहपाठ होऊन बसला. आणि मित्रांनो, गृहपाठ राहिला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

राहायचाच तो. मंगळवारी बाबांचा फोन वाजला, आईचं पळणं राहिलं. बुधवारी दुकानात माल आला, राहिलं. गुरुवारी भिंगरीला ताप. मग आई रविवारी पहाटे उठून आठवड्याचं राहिलेलं सगळं पळणं एका दमात उरकायची. आरामाचा वार असला तर आधी तोच खाऊन टाकायची. एका रविवारी ती भिंतीला धरून बूट काढत होती, तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, काउंटरवर दिवसभर सगळ्यांना तूच सांगतेस ना? कालची गोळी राहिली तर आज दोन एकदम घ्यायच्या नाहीत.”

“गोळ्या वेगळ्या, पाय वेगळे,” आई म्हणाली.

“पाय काय दुकानातून बदलून मिळतात?”

“तुम्ही लिफ्टचं बघा हो.”

बाबा लिफ्टचं बघायला गेले. तेवढ्यात फोन आलाच होता.

मग गुडघा दुखायला लागला. आधी जिन्यावर, मग बसून उठताना, मग नुसतं उभं राहूनही. आई एका उपचार करणाऱ्या ताईंकडे गेली आणि तिथेच तिची नि माझी गाठ पडली. ताईंनी मला तिच्या गुडघ्यावर चढवलं आणि स्पष्ट सांगितलं, “हा फक्त जिना चढ-उतार करताना. पळणं काही आठवडे पूर्ण बंद. नंतर चालण्यापासून सुरुवात, थोडं थोडं वाढवायचं. आणि हे बघा, पट्ट्याने दुखायचं कमी होईल. दुखायचं कमी झालं म्हणजे बरं झालं असं नाही.”

मी प्रत्येक शब्द ऐकला. आईने बहुतेक एवढंच ऐकलं, पट्ट्याने दुखायचं कमी होईल.

दुसऱ्याच दिवशी ती मला बांधून पळाली. आणि खरंच, फार दुखलं नाही! केवढी खूश झाली ती. दुकानात शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीला म्हणाली, “जादू आहे गं हा पट्टा. आधीच का नाही घेतला.” कप्तानाने माझ्याकडे बोट दाखवून गटाला सांगितलं, “याला म्हणतात जिद्द. दुखणं डोक्यात असतं, पायात नसतं.” मी असा फुगलो, असा फुगलो, की माझी शिवण ताणली असेल. रोज घामाने भिजायचो, रात्री दोरीवर सुकायचो, सकाळी पुन्हा तयार. मला वाटायचं, आपल्यासारखं नशीबवान कुणी नाही.

पण हळूहळू मला आतलं कळायला लागलं. माझ्याखालची कातडी पळून झाल्यावरही गरम राहायची. वाटीच्या कडेने सूज यायची, ती उतरायच्या आधीच आई मला पुन्हा आवळायची. आधी पहिल्या खुणेपर्यंत, मग दुसऱ्या. गुडघा ओरडत होता आणि मी त्याचं तोंड दाबून धरत होतो. मला बोलता आलं असतं तर सैल करा म्हणून गयावया केली असती. पण आमच्या जातीला तोंड नसतं, नुसती चिकटपट्टी असते.

थकवा गुडघ्यावर थांबला नाही. आई जेवताना घास हातात धरून बघत राहायची. भिंगरीने शाळेतली गंमत सांगितली की बरोबर दोन वाक्यांनंतर “हं” म्हणायची, गंमत तिसऱ्या वाक्यात असायची. मग एक दिवस दुकानात तिने एका आजोबांच्या हातात त्याच नावाच्या पण दुप्पट ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या मैत्रिणीचं लक्ष गेलं म्हणून ती गोळ्यांची पट्टी परत घेतली गेली. आजोबा “असू दे हो” म्हणाले. आई फळ्यांच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली. सगळा भार त्याच पायावर. मी धरून ठेवलं. तेवढंच येत होतं.

त्या संध्याकाळी बाबा अगदी गोडीत म्हणाले, “एक महिना थांब ना. शर्यती काय, दर वर्षी असतात.”

“थांबले तर परत सुरू होणार नाही. मी ओळखते मला.”

“बरं, मग रोज थोडंसंच पळ. पूर्वी पळायचीस तसं.”

“तसं पळून काय होतं?” आई म्हणाली. मित्रांनो, त्या तासात तिला काय मिळायचं हे ती स्वतःच विसरून गेली होती. मला वाटतं, सगळ्यात आधी तेच तुटलं. गुडघा नंतर तुटला.

शर्यतीच्या दिवशी पुलाच्या उतारावर तो तुटला. आधी आत काहीतरी सरकलं, मग पाय जागेवर अडकला, वाकेना आणि सरळही होईना. आई रस्त्याच्या कडेला कठड्याला धरून उभी राहिली आणि माणसं तिच्या बाजूने पळत गेली. कप्तानही गेला. जाताना ओरडला, “चला, चला, थोडंच राहिलंय!” बाबा कुठल्यातरी इमारतीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढत होते. ते आले तेव्हा रस्ता झाडून होत आला होता.

गुडघ्यातली गादी फाटली होती. आधीच झिजलेल्या सांध्यावर हे झालं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, जिना सावकाश चढता येईल, पळणं मात्र विसरा. आईने मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. दुकानाने तिला काउंटरवरून काढून मागच्या कोठारात बसवलं. तिथे दिवसभर खोकी आणि ती. आता तिला बसायला मिळतं, पण ते बसणं बघवत नाही. संध्याकाळचा तो तास आला की ती खिडकीशी जाऊन उभी राहते, दिवा न लावता. भिंगरी दिवा लावते. आई म्हणते, “राहू दे गं.” भिंगरी, जिची बडबड थांबवायला शाळेतल्या बाईंना टेबल वाजवावं लागतं, ती दिवा मालवून गप्प बाहेर येते.

मला एका खणात टाकलं, जुन्या चार्जरच्या गुंत्यात. मी मनात म्हटलं, चला, निदान आता माझ्या हातून आणखी काही होणार नाही.

तेवढंही सुख माझ्या नशिबात नव्हतं. भिंगरीची शाळेच्या संघात निवड झाली, लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी. बातमी ऐकून आई कितीतरी महिन्यांनी हसली. दुसऱ्या सकाळी ती काठी घेऊन भिंगरीबरोबर मैदानावर गेली. “खांदे सैल सोड. श्वास लयीत घे. अजून एक फेरी, जमेल तुला.” घरी येऊन बाबांना म्हणाली, “ही पळते ना, तेव्हा माझेच पाय पळतात असं वाटतं.” बाबांचे डोळे भरून आले. घरात पुन्हा दिवे लागायला लागले. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणती मुलगी म्हणेल की माझं दुखतंय?

सकाळी आईबरोबर सराव, दुपारनंतर शाळेत, रविवारी दोन्हीची भरपाई. एका सकाळी खण उघडला. भिंगरीने मला चार्जरमधून ओढून काढलं, आपल्या गुडघ्यावर चढवलं आणि मी तिला मोठा होतो म्हणून मागून सेफ्टी पिन मारली. वर लांब पँट. खाली मी. आणि मित्रांनो, मी ती ऊब लगेच ओळखली. वाटीच्या कडेला, अगदी त्याच जागी. केवढासा तो गुडघा! मी सुटून पडायचा फार प्रयत्न केला. माझी चिकटपट्टी निकामी झालेली, पण ती मेली पिन नवी होती.

म्हणून हात जोडून सांगतो, हात नसले तरी. तुमच्या घरात कुणी असं पळत असेल, नोकरी सांभाळून, घर सांभाळून, तर त्यांचं कौतुक जरूर करा. पण ते जिना कसे उतरतात तेही बघा. त्यांची राहिलेली पळापळ एका दिवसात भरून काढू देऊ नका. ती भरून निघत नाही. आरामाच्या दिवशी त्यांच्या हातातली पिशवी घ्या, त्यांना बोलतं करा. आणि मला बांधायचंच असेल तर थांबण्यासाठी बांधा. मला बांधून पळू नका. मी दुखणं बरं करत नाही, मी ते फक्त ऐकू येऊ देत नाही.

माझं कुणी ऐकेल ही आशा मी सोडली होती. आणि भिंगरीच्या शर्यतीच्या आदल्या दुपारी, आई तिच्या संघाच्या शर्टाला इस्त्री करत होती, बाबा पंख्याचं बटण उघडून बसले होते, तेव्हा भिंगरी खोलीत आली. सरळ चालत आली, थोडी लंगडत. खुर्चीवर पाय ठेवून तिने पँट वर केली, पिन काढली आणि मला टेबलावर ठेवलं. आईने मला पाहिलं. तिच्या हातातली इस्त्री शर्टापासून वर, हवेतच थांबली.

“हा कुठून काढलास?” तिने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

“आई, माझा गुडघा दुखतोय. बरेच दिवस. तू हसत होतीस म्हणून बोलले नाही,” भिंगरी म्हणाली. ती रडत होती, पण शब्द स्वच्छ येत होते. “उद्या मी पळणार नाही. बरा होईपर्यंत पळणार नाही, आणि नंतरही तुझ्यासाठी पळणार नाही. शाळेत बाईंना सांगून आलेय, त्यांनी माझ्या जागी दुसरीला घेतलं. बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. मी विचारत नाहीये, सांगतेय.”