कुसुमबाईच्या दारची जास्वंद

सरजाबाईच्या दारातली जास्वंद दुष्काळानं मेली नाही, सिमेंटनं मेली. बहात्तरच्या दुष्काळात गुरं गेली, आडाचा तळ दिसला, तरी खरकटी भांडी विसळलेलं पाणी घालून तिनं झाड जगवलं. मग पाऊसकाळ सुधारला आणि थोरल्या लेकाला, माणिकरावाला, मोठेपणाची उबळ आली. पालमहून सिमेंट आणून त्यानं बुंध्याभोवती गच्च कट्टा बांधला. म्हणे चार माणसं बसतील. याच्या शेजारी बसायला कुत्रं येत नाही, माणसं कुठली!

"काळी माती हाय, पाण्याला वाट ठेव," सरजाबाई म्हणाली होती.

"माय, तुला काय कळतंय त्यातलं?"

श्रावणात पाणी कट्ट्यात तुंबलं. मुळं कुजली, पानं पिवळी पडून गळाली. बुडखा हलवला तर म्हाताऱ्याचा दात यावा तसा हातात आला.

"बस आता कट्ट्यावर," ती लेकाला म्हणाली. "मढ्याशेजारी बसतेत तसा."

जास्वंद साधी नव्हती. लाल, भरगच्च पाकळ्यांची, चुडाव्याच्या माहेरून मायनं ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली. माय गेली, भावांनी अंगणात गोठा घातला, तिथलं झाडही गेलं. सरजाबाईनं जन्मात कुणाला फांदी दिली नाही. मागायला आलेलीला "दांडी लावायला अक्कल लागते" म्हणून वाटेला लावलं. आता त्या जातीचं एकच झाड उरलं होतं, गल्लीच्या टोकाला कुसुमबाईच्या दारात. तेही सरजाबाईच्याच झाडाची फांदी चोरून लावलेलं. मायनं दिलेली सोडली तर मागितलेली फांदी वाळते आणि चोरलेली जगते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी त्या चोरीवरून सरजाबाईनं आडावर चार बायांत कुसुमबाईला चोरटी म्हटलं होतं. तेव्हापासून तिच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

आज टाकलं. पदराखाली विळा होता.

कुसुमबाई मुगाच्या शेंगा सोलत होती. झाड फुलांनी लगडलेलं, बुडाशी मुरूम आणि जुनं शेणखत, पाण्याला उतार. सरजाबाईला ते बघवेना.

"छाटलं न्हाई का गं कधी? न्हावी न मिळालेल्या डोक्यावानी दिसायलंय."

"तुमचं कसं हाय आता?"

"साऱ्या गल्लीला ठाऊक, तुलाच न्हाई व्हय?"

"ठाऊक हाय की. तुमच्या तोंडून ऐकावं म्हनलं."

सरजाबाईची नजर झाडाच्या फांद्यांवर फिरत राहिली.

"फांदी पायजे का?"

"मी मागायला आले न्हाई."

"मागितली तर देईन. पर ती वाळायची. चोरून न्या, जगंल. मग आडावर मला दिलेलं नाव तुमालाबी लागंल." एवढं बोलून कुसुमबाई सूप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मागितलं तर मान खाली, आणि वर दांडीचं वाळकं लाकूड. सरजाबाईनं विळा काढला. कोवळे हिरवे शेंडे तिनं सोडले, पेन्सिलीएवढी तपकिरी सालीची फांदी धरली आणि फूट येते त्या डोळ्याच्या खाली तिरपी कापली. आणखी दोन कापल्या. कळ्या आणि खालची पानं ओरबाडून टाकली.

"झालं का?" कुसुमबाईनं पाठमोरीच विचारलं.

"बोलू नको. चोरी चाललीय."

सूप थरथरलं. कुसुमबाई हसत असावी.

"अन् पावसाळा सरला की वीतभर छाट, येडे. नव्या फुटीला फूल येतंय. इतके दिस झाड सांभाळलंस, एवढंबी कळालं न्हाई?"

"मग येऊन सांगायचं होतं."

सरजाबाईनं विळा कमरेला खोचला. तिनं दांड्या पदराखाली घेतल्या. चार पावलं गेली, थांबली, आणि त्या बाहेर काढून उघड्या हातात धरल्या. भरदुपारी गल्लीच्या मधून चालू लागली.

"कुठून आणल्या व सरजाबाई?" धुरपताबाईनं दारातून हटकलं.

"चोरल्या. कुसुमच्या दारातून," ती न थांबता म्हणाली. "तू नको जाऊ. तुला विळा तिरपा धरता येत न्हाई."