टेबल पुढे यायचं

मशीन थांबलं, दार सरकलं, वहिनींनी सवयीने हात आत घातला आणि हाताला काहीच लागलं नाही. जॉब, म्हणजे कापायला बांधलेला लोखंडाचा तुकडा, होता, पण पार मागे. तो ज्यावर बांधलेला असतो ते मशीनमधलं टेबल दाराशी यायचं सोडून आतल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं होतं, रुसल्यासारखं. वहिनींनी टाचा उचलल्या, पोट काठाला टेकवलं, तरी बोटं जॉबपासून वीतभर लांबच.

“ही काय नवीन थेरं?” त्या मशीनलाच म्हणाल्या.

कारखान्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणत, कारण त्यांचे यजमान सगळ्यांचे दादा होते. दादा प्रोग्रॅम लिहीत. म्हणजे हत्यार कुठून जाईल, किती कापेल, केव्हा थांबेल, हे मशीनला कळेल अशा कोडमध्ये सांगून ठेवत. मशीनशी हा माणूस असा भरभरून बोले आणि घरी मात्र ताकास तूर लागू देत नसे. गेल्या वर्षी दादा गेले, तेही फारसं न बोलता. वहिनी त्यांच्याच प्रोग्रॅमवर मशीन चालवत राहिल्या. दुसरं मशीन त्यांनी कधी चालवलंच नव्हतं.

नवा प्रोग्रॅम आजच चढला होता. आतापर्यंत शेडमधल्या चार मशीनच्या चार तऱ्हा होत्या. एकावर ज्या कोडने हत्यार सुखरूप वर जाई, तोच कोड शेजारच्याला भलतंच काही सांगे. व्यक्ती तितक्या प्रकृती हे माणसांत खपतं, लोखंडात खपत नाही. मागे एकाने इकडचा प्रोग्रॅम तिकडे चढवला, हत्यार सरळ जॉब धरणाऱ्या पकडीवर आदळलं आणि तुकडा उडून त्याच्या डोळ्याखाली बसला. जखमेवर ओला फडका धरून वहिनीच त्याच्यासोबत दवाखान्यात गेल्या होत्या. डोळा थोडक्यात वाचला. त्यानंतर साहेबांनी ठरवलं, सगळ्या मशीनना एकच कोड, एकच सुरुवात, एकच शेवट. त्यासाठी एक नवी प्रोग्रॅमर पोरगी आणली. वहिनींना ते पटलंच होतं.

त्यांनी तिला हाक मारली. “अगं, टेबल मागे जाऊन बसतंय बघ. काहीतरी चुकलंय तुझं.”

पोरीने पडद्यावर बघितलं. “चुकलं नाही हो, वहिनी. आता काम संपलं की टेबल मागेच जाणार. चारही मशीनवर.”

“मग आधी का पुढे यायचं? या मशीनची सवयच आहे ती.”

“सवय कसली? जुन्या प्रोग्रॅममध्ये शेवटी एक जास्तीची ओळ होती, टेबल दाराशी आणायची. तुमच्याच मशीनला. बाकी कुठेच नाही. मला वाटलं चुकून राहिली असेल, म्हणून काढली.”

शेजारच्या मशीनवरचा उंच ऑपरेटर, ज्याला सगळे खांब म्हणत, फडक्याला हात पुसत आला. “चुकून? छे! मी विचारलं होतं ना दादांना. म्हटलं, वहिनींचंच टेबल का पुढे येतं, आमचं का नाही?”

“मग?” वहिनी म्हणाल्या.

“म्हणाले, ‘तिचा हात पोचत नाही.’ आणि गेले निघून. का, तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

वहिनींना ठाऊक नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या.

संसारभर त्यांची एकच तक्रार होती. चार बायका जमल्या की त्या हसत सांगत, “आमच्या ह्यांनी कधी पाण्याचा पेला म्हणून हातात दिला नाही. देवाने हात दिलेत ते शोभेला!” पुढे हसणं कमी होत गेलं, तक्रार राहिली. दवाखान्यातही, अगदी शेवटी, दादांची उशी नीट करता करता त्या बोलून गेल्या होत्या, “अहो, जन्मात एकदा तरी माझ्या हातात काही दिलंत का?” दादा नेहमीसारखे “हूं” म्हणाले होते. आणि इकडे दिवसभर, काम संपलं की दर वेळी, तोच माणूस एकेक जॉब त्यांच्या हातात आणून देत होता. गेल्यावरही देत होता, अगदी कालपर्यंत. वहिनींना रडू आलं, आणि त्याच्याही आधी राग आला. सांगितलं असतं तर काय जीभ झिजली असती?

पोरगी घाबरली. “वहिनी, मी ती ओळ परत घालते. साहेबांना मी सांगेन काहीतरी.”

वहिनींना मोह फार झाला. एक ओळ तर होती, कुणाचं काय जाणार होतं? मग त्यांना तो ओला फडका आठवला.

“नको,” त्या म्हणाल्या. “आज माझी एक ओळ, उद्या या खांबाची एक, की झालंच मग पहिल्यासारखं. त्या पोराचा डोळा वाचला, तो काय रोज वाचणार आहे?” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “जुना प्रोग्रॅम आहे का अजून?”

“आहे. संध्याकाळी सगळे पुसायचेत.”

“मग एकदा चालव. एकच जॉब.”

पोरीने साहेबांच्या खोलीकडे बघितलं आणि जुना प्रोग्रॅम चढवला. खांबाने आतला जॉब काढून नवा बांधला आणि आपलं काम सोडून तिथेच उभा राहिला. हत्यार फिरलं, पाणी उडालं, लोखंडाचा कीस खाली पडत राहिला. काम संपलं. हत्यार वर गेलं आणि टेबल सरकत सरकत पुढे आलं, थेट दारापर्यंत. दार उघडलं. जॉब वहिनींच्या अगदी हाताशी होता.

त्यांनी पकड सैल केली आणि दोन्ही हातांनी तो घेतला. अजून कोमट होता.

“मिळालं हो,” त्या म्हणाल्या. पोरीला वाटलं, आपल्यालाच म्हणताहेत.

“पूस आता,” वहिनींनी तिला सांगितलं.

खांबाने कुठून तरी एक लाकडी खोकं आणलं आणि मशीनपुढे पालथं टाकलं. नवा प्रोग्रॅम सुरू झाला, संपला, टेबल आपल्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. वहिनी खोक्यावर चढल्या.

“पोचतो का हात?” खांबाने विचारलं.

“न पोचून जातो कुठे!” वहिनी म्हणाल्या, आणि खोक्यावर टाचा उचलल्या.