माहेरचा उतार

हरेशने दोघींच्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, पट्टे आवळले आणि मान वर न करता विचारलं,

"पैला शॉट कोन मारनार, मॅडम?"

"मीच मारते," किमया म्हणाली. "मृणाली अजून मोज्याशीच भांडतेय."

मृणाली हातमोज्याचं बटण लावत होती. ते लागत नव्हतं. हिरवी टोपी घातलेला, छातीवर नावाची पट्टी लावलेला, बॅगा वाहणारा हा कॅडी तिचा सख्खा थोरला भाऊ होता. पाच-सहा वर्षांनी दिसत होता. कानशिलं पांढरी झाली होती. त्याने तिला बस्स एकदाच पाहिलं होतं, बॅग हातातून घेताना, आणि लगेच नजर पट्ट्यांवर नेली होती.

सुट्टीचं बुकिंग किमयाचं. खारघरला दोघी शनिवारी एकत्र खेळायच्या. "कोलाडजवळ नवीन गोल्फ कोर्स झालाय, नऊ होलचा, एकदा बघू तरी," एवढंच ती म्हणाली होती. गाडी हमरस्ता सोडून आत वळली, कमानीमागे ओळखीचा डोंगर दिसला, तेव्हा मृणालीला कळलं, हे आपलंच गाव. डोंगर तेवढा जागेवर होता. त्याच्या पायथ्याची खाचरं, बांध, बांधावरची शेवऱ्याची झाडं, सगळ्यावरून कुणीतरी हिरवी सतरंजी अंथरली होती.

वडील गेल्यावर तिने रोह्याच्या कचेरीत हक्कसोडीवर हसत सही केली होती. इकडची रीतच तशी. बहिणीने माती सोडायची ती उंबरा राहावा म्हणून. भावाने माती ठेवायची ती बहिणीला यायला जागा राहावी म्हणून. पुढे हरेशने जमीन विकली, आणि ते तिला पेणच्या मावशीकडून कळलं. फोनवर ती त्याला एवढंच बोलली होती, "मला विचारलंस का?" त्यानंतर ना राखी गेली, ना भाऊबीज आली.

किमयाचा चेंडू सरळ गेला. मृणालीचा उजवीकडे कलंडला आणि उंच उडून तारेच्या कुंपणापलीकडे पडला.

"गेला गं, गेला!" किमया ओरडली. "लेकीसारखा गेला, परत नाही यायचा!"

हरेश कुंपणाकडे चालू लागला. तारेपलीकडे एक अरुंद पट्टी उरली होती, वालाच्या वेलांनी भरलेली, पांढऱ्या फुलांची. खाली वाकलेली त्याची पाठ तेवढी दिसत होती, अगदी वडिलांची पाठ. तो बराच वेळ तिथेच राहिला.

शेंगा खुडताना आई गुणगुणायची, ते मृणालीला आठवलं:

वाल फुलले बांधाला, बाई, पांढरे पांढरे
बंधू माझा वाटे उभा, पाय अडती माघारे

हरेश हात झटकत परत आला.

"नाय गावला, मॅडम. दुसरा घ्या."

किमयाला गप्प चालणं जमत नसे. पुढच्या होलकडे जाताना तिने त्यालाच बोलतं केलं.

"तुम्ही इकडचेच का हो?"

"व्हय. हितलाच. ह्या चार खाचरी आमच्याच व्हत्या."

"काय सांगता! आणि विकून टाकल्यात?"

मृणाली दोन पावलं मागे राहिली. चेंडूवरची नसलेली माती ती अंगठ्याने पुसू लागली.

"वरच्या अंगाच्यांनी आधी विकल्या," हरेश ट्रॉली ढकलत म्हणाला. "आमची वाट त्यांच्यातनं. त्यांनी कुंपन घातलं, वाट गेली. पाट बुजला. बैल काय उडवत न्यायचे? दोन साल भात डोक्यावरनं काढला. मग ऱ्हायलं."

"मग घरचे काही म्हणाले नाहीत?"

"कोन म्हननार? आई तवा नव्हती." तो हसला. "आनि ज्यानी म्हनायचं, त्याला सांगायचं तोंड नाय झालं."

वाट गेली, हे मावशी बोलली नव्हती. मृणालीने विचारलंही नव्हतं. आपला एक प्रश्न तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता, की दुसरा सुचलाच नाही.

सातव्या होलभोवतीच्या हिरवळीवर ती थबकली. इथे विहीर होती. विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी, तिथून सांडलेलं पाणी नेहमी उजवीकडे, खाली ओढ्याकडे धावायचं. लहानपणी दोघं त्यात पळसाच्या पानांच्या होड्या सोडायचे, आणि तिचीच होडी पुढे जायची, कारण हरेश स्वतःची मुद्दाम अडवायचा. चेंडूपासून होल चार हातांवर होता. तिने जवळच्या फटक्याचा पटर घेतला आणि ओढ्याचा उतार धरून डावीकडे नेम घेतला.

"उजवीकडनं, मॅडम," हरेश हळूच म्हणाला. "भराव टाकलाय. उतार आता उलटा हाय."

तिने ऐकलं. पण पायांनी ऐकलं नाही. ओढ्याकडे वळेल म्हणून तिने मारलेला चेंडू वळलाच, पण दुसऱ्या बाजूला, आणि होलापासून लांब जाऊन थांबला.

"कॅडीचं ऐकावं गं!" किमया खो खो हसली. "तुझ्या बापाचं आहे का इथं काही?"

चेंडू उचलायला मृणाली घाईने निघाली, ती थेट कडेच्या चराकडे.

"सांभाळ गो! तितं गटार हाय!"

हाक इतकी जुनी होती की ती जागच्या जागी थांबली. हरेशने टोपी काढली, पुन्हा घातली.

"चुकलं, मॅडम. तोंडाची सवय."

"तुला 'गो' म्हणाला!" किमया तिच्या कानाशी कुजबुजली. "ओळखीचा आहे का गं?"

मृणालीने भावाकडे पाहिलं. तोही पाहत होता, अगदी साधं, होडी सोडून वाट बघावी तसं.

"इकडे सगळ्यांनाच म्हणतात," ती म्हणाली.

हरेश ट्रॉलीकडे वळला.

शेवटचा होल संपल्यावर त्याने काठ्या पुसून बॅगांत लावल्या. मग कुणाकडेच न बघता म्हणाला,

"सांजच्याला घरी पोपटी लावनार हाय. लेक आलीय बाळाला घेवन. खांब गावच्या नाक्याला, चिंचेखालचं घर. वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजतात, शहरात नाय मिळायची. आल्या असत्या तर..."

"अय्या, किती छान! पण आम्ही चारलाच निघतोय," किमया म्हणाली. "पुढच्या वेळी नक्की, काय गं?"

"हं," मृणाली म्हणाली. लेकीचं लग्न झालं, बाळ झालं. ती आत्या होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

किमयाने पाकीट उघडून त्याच्या हातावर नोट ठेवली आणि मैत्रिणीला कोपराने ढोसलं.

"अगं, तूही दे की काहीतरी. एवढं फिरला बिचारा."

मृणालीचा हात पर्सवर गेला आणि तिथेच राहिला. भाऊबीजेला तिच्या ताटात नोट ठेवणारा हात समोर होता.

"मॅडमनी दिलंय मघाच," हरेश म्हणाला. टोपीला हात लावून तो ट्रॉली घेऊन निघून गेला.

परतीला उन्हं कलली होती. गाडीत ड्रायव्हर पुढे, दोघी मागे. ओठ कोरडे पडले म्हणून मृणालीने मलमाची डबी शोधायला पायाशी ठेवलेल्या काठ्यांच्या बॅगेचा बाजूचा कप्पा उघडला. आत हरवलेला चेंडू होता, स्वच्छ धुतलेला. खाली ओंजळभर वालाच्या शेंगा, आणि त्यावर भांबुर्ड्याची एक डहाळी.

"हे काय गं?" किमयाने वाकून पाहिलं. "कोणी भरलं?"

गाडीभर पाल्याचा उग्र वास सुटला. खांबचा नाका आला. चिंचेखाली धूर होता. उपड्या मडक्याभोवती जाळ नुकता धरत होता. खांद्यावर मूल घेतलेली एक तरुण बाई रस्त्याकडे बघत उभी होती. हरेश तिथे नव्हता. त्याची पाळी सुटायला वेळ असेल.

"दादा," मृणालीच्या तोंडून निघालं.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"बोला, मॅडम. थांबवू का?"

शेंगा मुठीत घट्ट झाल्या. तिने तोंड उघडलं, पण तोवर चिंच मागच्या काचेत आली होती, आणि धूर तेवढा थोडा वेळ दिसत राहिला.