ढोल वाजण्याआधी

“माय घरात असताना पोर उंबऱ्याबाहेर नाय जायाची!” मथुरेने दारातच बसकण मारली. तिच्या डोक्यावर चौकटीला कडुलिंबाची डहाळी लटकत होती. आत सुनेच्या, मालनच्या, मांडीवर दीड वर्षाच्या मीराची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

दवाखान्याची सिस्टर वनमाला गल्लीत उभी होती. “मथुराबाई, गोवर छातीत उतरलाय. आत्ता हॉस्पिटलात नेलं तर काही करता येईल. संध्याकाळी कुणाला न्याल?”

“शुभ बोल गो!”

दोन घरं सोडून दशरथच्या दारावरही अशीच डहाळी होती. ती वाळून गेली होती, पण काढायचं भान कुणाला नव्हतं. त्याचा मुलगा परवाच गेला होता.

ही गोष्ट शहाऐंशीची, मुंबईतल्या खारदांडा कोळीवाड्यातली. मी तिथला ढोलवाला. माझ्या गोष्टींतले मासे होडीपेक्षा मोठे असतात हे सगळा दांडा जाणतो. एका घोळीच्या पोटात मला चालू रेडिओ सापडला होता, त्यावर बाजारभाव लागले होते. पण ही गोष्ट मी वाढवलेली नाही. वाढवायला जागाच नव्हती.

त्या साली पावसाळ्याआधी दवाखान्याचा फ्रीज बंद पडला आणि लस नासली. बायका मासळीची पाटी खाली ठेवून, पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. सिस्टर सांगायची, “पुढच्या आठवड्यात या.” असे किती पुढचे आठवडे गेले! शेवटी बायका यायच्याच थांबल्या. लस आली तेव्हा गोवर तिच्याआधीच येऊन घराघरांत बसला होता. आणि आमच्याकडे गोवर म्हणजे माय, पाहुणी आलेली देवी. ती घरात असताना फोडणी नाही, दवा नाही, सुई नाही. पाठवणीचा नारळ दर्यात सुटेपर्यंत पोराने उंबरा ओलांडायचा नाही.

“कमळमावशीला इचारू,” मीराचा बाप चंदू म्हणाला. “ती बोलंल तसं.”

कमळमावशीच्या अंगात दर शिमग्याला होळीपुढे माय यायची. त्यात सोंग नव्हतं. एरवी सुकटीच्या भावावरून गिऱ्हाइकाशी कचाकचा भांडणारी ही बाई; पण माझा ढोल तापला की तिची नजर फिरायची, अंगावर काटा यायचा, आणि ती बोलायची ते तिला नंतर आठवायचं नाही. मात्र ढोल आधी, माय नंतर. हा क्रम कधी चुकला नव्हता.

मावशी आली ती हाताला बोंबलाचा वास घेऊनच. वाकून तिने मीराच्या छातीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

“मावशी, तुम्ही बोललात तरच हे ऐकतील,” वनमाला हळूच म्हणाली.

“मी कोन बोलनारी? बोलनारी ती.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझा ढोल घरी खुंटीला होता. मग तिने दशरथच्या दारावरच्या वाळक्या डहाळीकडे पाहिलं. आणि अंबाडा सोडला.

केस मोकळे झाले. मान घुमू लागली. “मना दर्याकडं न्या! मी हितं घुसमटलंय!”

बायकांचे हात जोडले गेले. मथुरा मात्र उठली नाही. डोळे बारीक करून म्हणाली, “ढोल नाय वाजला. ढोलाबिगर माय आली कशी गो?”

बायकांचे जोडलेले हात खाली आले. आतून फक्त पोरीची घरघर. मावशीची मान घुमत होती, पण कपाळावर आलेला घाम मायचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. एवढं मला कळत होतं.

माझ्या बुडाखाली रॉकेलचा रिकामा डबा होता. मी उठलो, तो उलटा केला आणि बडवायला सुरुवात केली. असा बडवला की वांद्र्याचे कावळे उडाले असतील.

“पालखी आना!” मावशी गरजली. “तीन चाकांची पालखी! पोरीला मांडीवर घेऊन मिरवत न्या मना. आन् ही पांढऱ्या साडीतली माझी भगतीन हाय, ती नेईल तिथं चला. हिच्या सुईच्या टोकावर मी बसलंय. बाकीच्या पोरांना हिच्यापुढं घाला!”

मथुरेने पदर डोळ्यांना लावला आणि उंबरा सोडला. चंदू धावला, रिक्षा आली. मालन पोरीला घेऊन बसली, शेजारी वनमाला. रिक्षा नाक्यावरून वळेपर्यंत मी डबा वाजवत राहिलो.

गल्ली पांगल्यावर मावशी त्याच उंबऱ्यावर बसली. तांब्याभर पाणी प्यायली.

“कमळे, झकास जमलं!” मी म्हणालो.

“गप रं. कुनाला बोललास तर जीभ कापून सुकत घालीन.” मग तांब्या खाली ठेवून, हळू आवाजात, “तिनं आयकलं असंल का रं?”

मी शंभर थापा मारणारा माणूस. त्या वेळी फक्त डबा सुलटा केला आणि तिच्याशेजारी टेकलो.

मीरा वाचली. दवाखान्यापुढे पुन्हा रांग लागली.

मग शिमगा आला. होळी पेटली, माणसांनी पुढची जागा मोकळी केली, मावशी तिथे जाऊन उभी राहिली. अंबाडा सोडला, डोळे मिटले. मी ढोल धरला. वाजवला, तापवला, पुन्हा वाजवला. हाताची सालटी निघाली. मावशी उभी होती तशीच उभी. वाऱ्याने केस तेवढे हलत होते.

“मावशे, माय का नाय आली गो?” चंदूने घाबरत विचारलं.

“दुसऱ्या गावाला गेली असंल,” ती म्हणाली.

तिने केस गोळा केले, नीट पीळ देऊन अंबाडा बांधला आणि मागे बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत आमची होळी तिने तिथून कधी पाहिली नव्हती. मोकळ्या जागेत कुणी गेलं नाही. फक्त मीरा मालनच्या कडेवरून घसरली आणि तिथे जाऊन ढोलाच्या तालावर थयथय नाचू लागली.

मावशीने लांबून मला खूण केली, थांबू नको. मी थांबलो नाही.