माशीचं बारसं

उत्कर्षाला माशी सापडली ती माण तालुक्यात. पण खरं सांगायचं तर तिला ती शोधून दिली सुलाबाईनं.

उत्कर्षा इस्लामपूरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. बाप फौजेतनं सुभेदार होऊन परतलेला, घरचा ऊस. पोरीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्याला वाटायचं, आणि पोरगी मात्र बाभळीवरच्या अळ्या गोळा करत हिंडायची. अंगाभोवती काड्यांची पिशवी विणून त्यात राहणाऱ्या अळ्या. दहिवडीच्या पुढं एका माळावर ती अशाच पिशव्या तोडत होती, तेव्हा शेळ्यांमागनं सुलाबाई आली. सत्तरीची, काटक, तोंडाची फटकळ.

"काय गं, डिंक काढतीस का?"

"न्हाई आजी, अळ्या."

"आळ्या? घरात खायाला न्हाई व्हय?"

उत्कर्षानं आपलं काम समजावून सांगितलं. म्हातारीनं काठी तळ्याकडं केली. "मग तिकडच्या बाभळीच्या काढ. हितल्या पिशव्यांतनं पाखरू निघतं, तिकडच्यातनं माशी निघती. बारीक, काळी, ढुंगण तांबडं. शेळ्यांमागं बसून बसून लय बगितलंया मी."

दोन वर्षं पुस्तकं उपसून उत्कर्षाला हे कळलं नव्हतं. तिनं तळ्याकडच्या पिशव्या बाटल्यांत भरून नेल्या. बाराव्या दिवशी एका बाटलीत माशी फिरत होती. तांदळाच्या कणीएवढी, काळी, आणि ढुंगण खरंच तांबडं.

पुढचे चौदा महिने त्या कणीत गेले. तिनं मिशांचे तेवीस मणी मोजले, पंखांच्या शिरा काढल्या, कुठकुठल्या संग्रहालयांतल्या माशांशी ताडून बघितलं. एवढं करून नर काही मिळेना. त्यासाठी तीनदा माणात खेपा झाल्या. शेवटी सुलाबाईनंच तंबाखूच्या डबीत दोन नर धरून ठेवले. परदेशातल्या जाणकारांना फोटो गेले. दोघं म्हणाले, नवी जात असावी. तिसरा म्हणाला, नवीच आहे.

उत्कर्षा पेढे घेऊन वीरधवल सरांकडं गेली. ते तिचे मार्गदर्शक. पेढा तोंडात असतानाच सर म्हणाले, "नाव ठरलंय. भाऊसो."

भाऊसो म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप त्यांच्यामुळं आला होता, आणि प्राचार्यांची खुर्ची जूनमध्ये रिकामी होणार होती.

"शास्त्रीय नाव लॅटिनात असतं, त्यात पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय' लागतो," सर म्हणाले. "भाऊसोआय. ऐकायला कसं वाटतं?"

उत्कर्षानं आणखी एक पेढा पुढं केला. प्रबंधावर सही सरांची लागणार होती.

सभागृहात सत्कार ठेवला. सरांनी पाऊण तास भाषण केलं आणि नाव जाहीर केलं. भाऊसोंनी माईक ओढला.

"आमचं नाव ठीक हाय, पण आय कशाला मधी घातली? ती बिचारी पंधराव्या वर्षी लग्न हून आली, तिनं कवा कुनाचं वाईट केलं न्हाई."

हशा झाला. सरांनी लॅटिन समजावलं. "बरं," भाऊसो म्हणाले, "आन ही माशी करती काय? मधबिध देती का?"

सरांनी उत्कर्षाकडं बघितलं. तिला थापा मारता येत नसत.

"मध नाही देत, साहेब. ती अळीच्या पोटात अंडी घालते. पिल्लं अळीला आतनं खातात. पण बेतानं. आधी चरबी खायची, जीव जाईल असं सगळं शेवटाला ठेवायचं. म्हणजे अळी मरत नाही, पाला खात राहते आणि ह्यांना पोसत राहते. पार पोकळ झाली की कातडं फोडून बाहेर यायचं."

 मग मागच्या रांगेतनं, जिथं गेली नऊ वर्षं 'तात्पुरते' असलेले प्राध्यापक बसले होते, कुणीतरी बोललं, "मग नाव बरोबर हाय की!"

शिपायांसकट सगळं सभागृह फुटलं. उत्कर्षानं गुच्छ तोंडासमोर धरला; हसू येतंय का रडू, हे तिचं तिला कळत नव्हतं.

भाऊसोंनी कैक निवडणुका बघितल्या होत्या. त्यांनी हशा ओसरू दिला. "वीरधवल, हे नाव आमच्या विरोधकाला द्या. हार मी स्वतः घालतो." पुन्हा हशा. पण जाताना त्यांनी सरांच्या कानात दोन वाक्यं सांगितली, आणि ती ऐकताना सरांचा चेहरा माशीच्या मागच्या बाजूसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "नाव तुझं तू बघ. शोधनिबंधाच्या लेखकांत माझं नाव दुसरं राहू दे म्हणजे झालं."

उत्कर्षानं दहिवडीची एसटी धरली.

"आजी, ती माशी नवी जात निघाली."

"जात? मग दाखला काढला का तिचा? लय हेलपाटं घालाय लागत्यात, आमाला इचार."

"तिला तुमचं नाव द्यायचं म्हणते." आणि पुन्हा फजिती नको म्हणून माशी काय करते तेही तिनं सांगून टाकलं.

सुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "आसं असंल तर मी कुठली माशी? मी आळी. पाच पोरं, दोन दीर, एक सासू. समद्यांनी आतनं खाल्लं, आन मी आपली पोसतीया." ती हसत बोलली. उत्कर्षाला हसता येईना.

"मग नको देऊ?"

"आगं नको कशाला? जल्मात एकदा खाणाऱ्यांत बसू दे की मला!"

"बाईच्या नावाला शेवटी 'ए' लागतो. सुलाए."

"ए?" म्हातारीनं कपाळाला हात लावला. "आमचं मालक बी ह्येच म्हनायचं. ए, पानी आन. ए, भाकरी टाक. पर त्याच्या म्होरं सुला न्हाई लावलं कवा."

लेख मार्चात छापून आला. उत्कर्षा त्याची प्रत, भिंग आणि टाचणीवरची एक माशी घेऊन माळावर गेली. कागदावर उत्कर्षानं दाखवलेलं स्वतःचं नाव सुलाबाईनं बोटानं चाचपलं, मग भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"दिसली?"

"दिसली की. बया, एवढं खाऊन बी रोडच हाय गं ही!"

तेवढ्यात शेळ्या कुणाच्या तरी ज्वारीत शिरल्या. भिंग उत्कर्षाच्या हातात कोंबून म्हातारी शिव्या घालत तिकडं पळाली.