फाटकाबाहेरचा कूलर

हिंगणा रोडवर आमच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर घराएवढा उंच कूलर उभा आहे. तो बनवला माझ्या नवऱ्याने, ताराचंदने. मनीषनगरच्या एका लग्नाच्या लॉनवाल्याने सांगितलं होतं, फाटकातून जाईल तेवढा मोठा बनवा. हे माप घ्यायला गेले ते नेमके लग्नाच्या दिवशी, आणि मंडपवाल्याची कापडी कमानच मोजून आले. तिचा वरचा अर्धा भाग नुसता झालरींचा. मागचं खरं फाटक निम्म्या उंचीचं निघालं, आणि कूलर ट्रॉलीवरून वाजत गाजत परत आला.

मग फोटो काढणारे यायला लागले. आधी कंपनीबसमधले कामगार, मग प्रताप नगरची कॉलेजची पोरं, मग पार वर्ध्याहून गाड्या. मोबाइलच्या नकाशातही कोणीतरी ‘येडा कूलर’ म्हणून टाकून दिला. मी आपली चहाची टपरी टाकली. यांना मात्र ते हसू झोंबायचं. नवीन कूलर बनवणंच त्यांनी सोडलं. ऑर्डर घेऊन आलेल्याला सांगायचे, “मले नाही जमत गा.” हाताला एवढी कला असलेला माणूस नुसता बसून राहायचा. माझा जीव तुटायचा.

या मे महिन्यात एका दुपारी त्यांनी गॅस कटर बाहेर काढला.

“कापतो आज. लोकं हसून राहिले मले.”

ऊन मी म्हणत होतं. रोज माझ्याकडे चहा घेणारी, कंपनीत पॅकिंगला असलेली कामिनी शिफ्ट सुटून कूलरच्या सावलीत टेकली होती. तिने मान वर करून विचारलं, “काका, चालते का हा?”

हे थबकले. इतके लोक येऊन गेले, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

“काहून नाही चालणार?”

कटर बाजूला ठेवून त्यांनी नळी लावली, टाकी भरली, वायर ओढली. कूलरच्या बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या भिजायला वेळ लागला. मग पंखा फिरला आणि माझे कागदी कप उडून रस्त्यावर गेले. फोटोवाले फोन खिशात घालून गुपचूप येऊन बसले.

“लागून राहिली का हवा, बाई?” यांनी विचारलं.

कामिनीची मान एका बाजूला कलली होती. यांनी वाकून पाहिलं.

“झोपली वं थे,” ते मला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी मनात म्हटलं, देवा, हिची झोप आज लवकर मोडू नको.