ताईबाई घर बघायला आल्या

अश्लेषाने हेअर ड्रायर ओट्याखालच्या कप्प्यात कोंबला, वायर आत सारली आणि गुडघ्याने दार दाबून धरलं. जिन्यावर चपला वाजायला लागल्या होत्या. तिने खोलीवर शेवटची नजर टाकली. केक भाजायचा ओव्हन, इडलीचं पीठ वाटतात तसला दगडी ग्राइंडर, फ्रिज, एक टेबल आणि दोन खुर्च्या. बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या या भाड्याच्या खोलीला ती चारचौघांत 'माझा कारखाना' म्हणायची. बारामती-इंदापुरात कारखाना म्हटला की माणसाला आधी धुराडं दिसतं, त्यामुळे तो शब्द आज अंगाशी येणार हे नक्की होतं.

गुडघा तसाच ठेवून ती हसली.

"या ना. या, मावशी. या सर."

चार दिवसांपूर्वी तीच त्यांच्याकडे बावड्याला गेली होती. रविंद्र तिथल्या शाळेत शिक्षक. पाच वर्षांपूर्वी त्याने कोकणातून कोकोची, म्हणजे ज्याच्या बियांचं चॉकलेट होतं त्याची, रोपं आणली आणि आपल्या नारळांच्या सावलीत लावली, तेव्हा अख्ख्या गावाने पोटभर हसून घेतलं. रोपं आणली त्याने, जगवली मात्र त्याच्या आईने. उन्हाळ्यात ताईबाई रोपांना जुन्या लुगड्यांचे आडोसे बांधायच्या. फळं फोडून निघालेल्या बिया केळीच्या पानांत गुंडाळून, आंब्याची अढी घालावी तशा आंबवायच्या, हेही त्यांचंच काम. पानांखाली हात घालून ऊब बघायची आणि वेळ झाली की बिया खालवर करायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अश्लेषाने सुरीने वीस बिया कापून बघितल्या होत्या. सगळ्या आतून तपकिरी आणि भेगाळलेल्या, म्हणजे नीट आंबलेल्या, कच्ची जांभळी एकही नाही. वासानेच तिचं डोकं फिरायची पाळी आली. दर विचारायचंही भान तिला राहिलं नाही.

"मला पसंत आहे," ती म्हणून गेली.

"तुला पसंत हाय गं," ताईबाई म्हणाल्या. "आमची पसंती कुठं झालीया? आमी आधी घर बघनार. आपला माल कुठं नांदनार, ते बघाया नको?"

रविंद्र बिचारा लाजून नारळाच्या शेंड्याकडे बघत राहिला. पुण्याचा एक जण फोटो बघून सगळाच माल उचलायला तयार आहे, हे त्याने अश्लेषाला निघताना हळूच सांगितलं. माल होता चाळीस किलो, आणि पुढचा बहर हाती यायला सहा महिने.

त्या रात्री अश्लेषाला झोप लागली नव्हती. तीन वर्षं ती बाजारातून तयार चॉकलेटच्या लाद्या आणून, वितळवून साच्यात ओतत होती. लोक कौतुक करायचे आणि तिला मनातून ओशाळल्यासारखं व्हायचं. वर्षभरापूर्वी तिने केरळातून थोड्या थोड्या बिया मागवून हात बसवायला घेतला. पण आपल्याच मातीतल्या बिया, आपण स्वतः बघून, शेतातून उचललेल्या, आणि त्यांचं चॉकलेट आपल्या हातचं, हे तिला आयुष्यात एकदा तरी करून बघायचं होतं. ते या मावशींच्या होकारावर अडलं होतं.

मावशी आता खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी छताचे कोपरे बघितले. खिडकीच्या गजावरून बोट फिरवून ते बोटही बघितलं. मग ग्राइंडरमध्ये डोकं घालून वास घेतला.

"जागा सोताची?"

"भाड्याची."

"हाताखाली मानसं किती?"

"मीच आहे, मावशी."

"कारखाना म्हनाली व्हतीस."

"म्हणाले होते."

रविंद्रला खोकला आला. ताईबाईंनी खुर्ची नाकारली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"बरं. काम करून दाव."

केरळच्या उरलेल्या अर्धा किलो बिया अश्लेषाने सकाळीच भाजून, लाटण्याने भरडून ठेवल्या होत्या. आता टरफलं काढायची होती. काढायची कशाने, हेच तर तिला लपवायचं होतं. पण दुसरा इलाज नव्हता. तिने कप्पा उघडला, हेअर ड्रायर काढला आणि बटण दाबलं.

रोज ती तो बेताने धरायची. आज घाईत तो फारच जवळ धरला गेला. टरफलं भसकन उडाली, टेबलावर, फ्रिजवर, रविंद्रच्या पांढऱ्या शर्टावर आणि मिशीतही. निम्मा भरडा त्यांच्याबरोबरच गेला. तिने यंत्र बंद केलं.

ताईबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या मोकळ्याच हसल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"अगं, त्ये केसं वाळवायचं हाय न्हवं? सूप न्हाय व्हय तुझ्या कारखान्यात?"

सूप नव्हतं. खाली शिवणकाम करणाऱ्या सोनमकडे मिळालं, तेही प्लास्टिकचं. ताईबाईंनी ते उलटसुलट करून नाक मुरडलं, पण एक गुडघा उभा करून बसल्या आणि पाखडायला लागल्या. मनगटाच्या झटक्यासरशी भरडा वर उडत होता, टरफलं पुढे सरकत होती, आणि एका फुंकरीत बाहेर. अश्लेषाला दोन तास पुरणारं काम दहा मिनिटांत संपलं. तिने हट्टाने एक फेरी स्वतः करून बघितली आणि मूठभर माल रविंद्रच्या पायांवर सांडला. यावेळी तिघंही हसली. हे सगळं असंच लांबत जावं, निकालाची वेळ येऊच नये, असं तिला वाटलं.

ताईबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"एक इचारू? बिघडलेला माल कुठं टाकतीस?"

त्यांच्या आवाजावरून कळत होतं, की त्या बावड्याहून इतक्या लांब आल्या त्या या एका प्रश्नासाठी.

"मागं आमचं डाळिंब व्हतं," त्या म्हणाल्या. "वर्सभर लेकरावानी जपलं. डाग पडला म्हनून आडत्यानं बाजूला काढलं. दुपारी बघते तर रस्त्याकडंला ढीग, आन वरनं गाड्या चालल्यात. पैशाचं सोड. त्ये बघवंना."

'माझ्याकडे काही बिघडतच नाही,' हे वाक्य अश्लेषाच्या जिभेवर तयार होतं. मोठ्या गिऱ्हाइकांना ती तेच ऐकवायची. पण समोरची बाई अशी बघत होती की ते तोंडातून बाहेर पडेना. ती उठली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा मोठा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. आत कागदात गुंडाळलेल्या चॉकलेटच्या वड्या होत्या. प्रत्येक कागदावर तारीख आणि दोन ओळी.

"टाकवत नाही, मावशी. विकताही येत नाहीत. मग अशा ठेवते."

वर्षभराच्या सतरा चुका. आता संपलं, असं तिला वाटलं. घर दाखवायला बोलवावं आणि आपल्याच हाताने पाहुण्यांना गळकं छप्पर दाखवावं, तसलंच हे झालं होतं.

ताईबाईंनी एक वडी उचलून रविंद्रकडे दिली. त्याने कागदावरचं वाचलं.

"बारा मार्च. भाजताना फोनवर बोलत बसले. करपलं."

ताईबाईंनी तुकडा मोडून तोंडात टाकला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"करपलंयच," त्या म्हणाल्या, आणि तरी चावत राहिल्या. मग तुकडा गिळून म्हणाल्या, "माझी पैली खेप बुरशीनं गेली."

"कुठली पहिली खेप?" रविंद्र म्हणाला. "ती तर उंदरांनी खाल्ली."

"बुरशी. दोन दिस हात घालून बघायचा आळस क्येला. पांढरं धरलं सगळं. टाकवंना, म्हनून झाडाच्या बुडाशी पुरलं. तुला उंदीर म्हनून सांगितलं."

रविंद्रने चष्मा काढला आणि परत घातला.

"आई, मी सहा पिंजरे आणले. निमगाव केतकीवरनं मांजर आणलं."

"मग? दूध पितंय, झोपतंय. तुझं काय खातंय का?"

अश्लेषाला हसू आवरेना. एवढी पोक्त बाई, पांढरं धरलेल्या बिया पदराआड लपवून झाडाखाली पुरते आहे, हे तिला अगदी डोळ्यांसमोर दिसलं.

"रवी," ताईबाई म्हणाल्या, "पोती वर आन."

"कसली पोती?" अश्लेषाने विचारलं.

"गाडीत आहेत, मॅडम," रविंद्र शर्टावरची टरफलं झटकत उठला. "सकाळी आई म्हणाली, माल भरूनच निघू. घर पसंत पडलं तर इथं उतरवू, नाही तर तसंच पुढं पुण्याला."

अश्लेषा होती तिथेच खाली बसली. तिला ओरडावंसं वाटलं, मावशींच्या गळ्यात पडावंसं वाटलं. यातलं काहीच न करता ती नुसती तोंडभर हसत राहिली. रविंद्र जिना उतरायला लागला होता. एकेका पायरीला त्याचा आवाज खाली जात होता.

"सहा पिंजरे. एक वर्ष. आणि बाई तोंडातून शब्द काढत नाही."

ताईबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या डबा मांडीवर घेऊन, सणाच्या फराळातलं निवडावं तशा आतल्या वड्या चाळवत होत्या. त्यांनी एक कागद सोडवला, वडी नाकाशी नेली आणि अश्लेषाला शेजारी बसायची खूण केली.

"हं. आन ह्ये? ह्ये कशानं बिघडलं?"

अश्लेषा त्यांच्याजवळ सरकली, आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगायला लागली.